वच्छलाची झोप

कोकिळाला आपल्या धाकट्या जावेच्या झोपेचा हेवा वाटू लागला तो गेल्या दिवाळीनंतर.

सेलूजवळच्या खेड्यात दोघी एकाच घरात नांदत होत्या. वांगी, पालक, सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या बांधायच्या आणि आठवडी बाजारात शेजारी-शेजारी बसून विकायच्या, हे काम त्यांनी वीस वर्षं बरोबरीनं केलं. मग धाकट्या वच्छलाची आई वारली आणि तिच्या छातीत धडधड सुरू झाली. हात कापायचे, श्वास अडकायचा. वर्ध्याच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ अर्धी-अर्धी.

धडधड थांबली. पण वच्छला दुपारी जेवली की जागच्या जागी आडवी व्हायची. तिचा नवरा मनोहरराव तिच्या अंगावर चादर टाकायचा, चहा स्वतः मांडायचा. कोकिळा शेतात तण निंदून घामानं भिजून यायची.

"वहिनी, भांडी हळू ठेवा जरा. झोपून राह्यली ते," मनोहरराव म्हणायचा.

कोकिळा भांडी हळू ठेवायची. पण चादरीखालचा तो संथ श्वास ऐकला की तिला वाटायचं, आपल्याला कोणी पाण्याचा पेला तरी दिला का कधी?

एका दुपारी तिनं फळीवरच्या वच्छलाच्या पाकिटातून दोन गोळ्या काढल्या आणि एक सबंध गिळली. दिवेलागणीला जाग आली. अंगावर चादर नव्हती. नवरा, पुंडलिकराव, दारात उभा राहून विचारत होता, "चहा नाई झाला का अजून?"

पुढच्या बाजाराच्या सकाळी मनोहरराव वच्छलाला मोटारसायकलवर बसवून डॉक्टरांकडे निघाला. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसली. ते बघून कोकिळानं दुसरी गोळीही घेतली आणि एकटीच बाजाराला गेली.

तिथं तिची जीभ जड झाली. एकाच गिऱ्हाइकाला तिनं दोनदा वांगी मोजून दिली. टोपली ओढायला उठली तर पाय मुळी जागेवर ठरेनात. ती पडली आणि मनगट मोडलं. शेजारच्या ताराचंद मिरचीवाल्यानं तिला दवाखान्यात नेलं. "काही औषध घेतलं होतं का?" असं तिथं विचारलं, तेव्हा ती नाही म्हणाली.

घरी वच्छला तिच्या खाटेजवळ येऊन बसली.

"बाई, माह्या पाकिटातल्या दोन गोळ्या कमी हायेत."

कोकिळानं मान फिरवली. "तुले साऱ्यायनं डोक्यावर घेतलं. म्हटलं, मीबी झोपून पाहू."

वच्छलानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मले आकांक्षाचं साक्षगंध आठवत नाई. सोताच्या पोरीचा साखरपुडा. मी तिथं होती, फोटोत हाये. पण आठवत नाई. तुमाले सारं आठवते. तुमी त्या दिवसाचं बोलता तवा मले तुमचा लय हेवा वाटते."

कोकिळा पुन्हा तिच्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दोघीही डॉक्टरांकडे गेल्या आणि कोकिळानं खरं सांगितलं. दुसऱ्याचं औषध घेतल्याबद्दल डॉक्टर तिला चांगलेच रागावले. वच्छलाचं विसरणं ऐकून त्यांनी गोळी कमी करायला घेतली, पण एकदम बंद करू नका, म्हणाले. आठवड्या-आठवड्यानं थोडी थोडी. त्यात पाच महिने गेले. मधे काही दिवस धडधड परत आली, घाम फुटायचा, तेव्हा कोकिळा प्लास्टरचा हात सांभाळत तिच्याजवळ बसायची.

कोकिळाच्या मनगटाला अजून टोपली झेपत नव्हती, म्हणून उन्हाळ्यात वच्छला बाजारात एकटी बसू लागली. ताराचंदनं सांगितलं, तिच्याकडे गर्दी असते. ते ऐकून कोकिळाला पुन्हा जुनंच काहीतरी टोचलं.

आता दुपारी वच्छला जागी असते. "साक्षगंधाचं सांगा नं, बाई," म्हणते. कोकिळा सांगते. आकांक्षानं डाळिंबी साडी नेसली होती, पाहुण्यांना वांग्याची भाजी फार आवडली. सगळं सांगते. फक्त पाहुणे निघायच्या वेळी आकांक्षा आईकडे न जाता आपल्या गळ्यात पडून रडली, तेवढं ती अजून सांगत नाही.