लाकडांमधली गल्ली

दोन मार्च. दुपारी अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होते. सोनगीरजवळ आमचं गाव. मी शाळेत क्लार्क आहे. अंगारे, उतारे, बाधा... यातलं काही मी कधी घरात येऊ दिलं नाही. म्हणून जे झालं तेवढंच लिहिते.

पडवीत बाभळीच्या लाकडांच्या दोन थप्प्या होत्या. दुसरीला लागून सासूबाईंची खोली. त्या अंथरुणातून उठू शकत नाहीत. थप्प्यांच्या मधे माझे मिस्टर दोन हात गल्ली सोडायचे.

"केवढी जागा वाया घालवता."

"आग लागली तर तिला थांबायला जागा नको का?"

"मग पाटही मांडा तिला."

ते हसायचे, पण गल्ली सोडायचेच.

दिवाळीनंतर ते गेले. हार्ट अटॅक. जानेवारीत मी स्वतः लाकडं भरून ती गल्ली बंद केली.

त्या दुपारी वाऱ्याने एक पेटती काडी पहिल्या थप्पीखाली नेली. आधी नुसता धूर — लाकडांच्या फटींतून. मग खालच्या साली पेटल्या, जाळ फटीफटींतून वर चढला आणि बघता बघता थप्पी आतून लाल झाली. लाईट नव्हती, मोटर बंद. मी शेजारच्या नानांना हाका मारत त्यांच्या टाकीकडे धावले.

बादल्या घेऊन आलो तेव्हा पहिली थप्पी ढासळून जळत होती. दुसरीची सालसुद्धा काळी झाली नव्हती. मधे दोन हात मोकळी जमीन... आणि मी भरलेली लाकडं तुळशीपाशी रचलेली. जाड बुंधे खाली, बारीक वर. मिस्टर रचायचे तशी.

"बरं झालं पोरी, लाकडं आधीच काढली तू," नाना म्हणाले.

मी काढली नव्हती. पाच मिनिटांत एवढं लाकूड माझ्याने हलत नाही.

सासूबाई खोकत होत्या. पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "सुभाष उना व्हता. लाकडे काढी ऱ्हायंता. त्याले चहा दिधा का?"

सुभाष म्हणजे माझे मिस्टर; ते आले होते, लाकडं काढत होते, असं त्यांचं म्हणणं. मुलगा गेल्याचं त्यांना कधी आठवतं, कधी नाही. त्यामुळे याला मी पुरावा म्हणत नाही. नानांच्या मते रस्त्याने जाणारा कुणीतरी असेल. असेल. मी गावभर विचारलं, कुणी हो म्हटलं नाही. मला अजून उलगडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख भरली, राहिलेली लाकडं रचली. गल्ली सोडली. मग चहा केला — तीन कप. सासूबाईंनी परत विचारलं तर हो म्हणता यावं, म्हणून.