ऋतूचा रविवारचा फोन

मागच्या शनिवारी पालमहून जिंतूरला गेलो... सिनेमा बघायला. दुकानाला कुलूप लावून सिनेमाला जाणारा माणूस मी नव्हे, पण या सिनेमात माझी लेक होती.

शाळकरी पोरापोरींच्या कुस्ती लीगवर कुणीतरी माहितीपट केलाय. ऋतू, म्हणजे माझी मुलगी, त्या लीगमध्ये जिंतूरच्या टीमकडून खेळते आणि तिथंच होस्टेलला राहते. कॅमेरावाले वर्षभर या पोरींच्या मागं होते म्हणे. एका मंगल कार्यालयात पडदा लावून पहिला शो ठेवला होता.

आमच्या घरात आता मी एकटाच. ऋतूची आई गेली तेव्हा ही तिसरीत होती. घरातलं बोलायचं खातं सगळं तिच्या आईकडं... माझ्याकडं फक्त हो आणि नाही. पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतो मी, दिवसभर तांब्याच्या तारेत डोकं. त्यात बोलावं कुणाशी?

ऋतू होस्टेलला गेल्यापासून संध्याकाळ लय अंगावर येते. शटर ओढून झालं तरी मी उगाच तिथंच रेंगाळतो, समोरच्या चहावाल्याला नको ते विचारत बसतो. घरी जाऊन एकट्यापुरता भात लावायचा म्हणजे जिवावर येतं.

होस्टेलवर पोरींचे मोबाईल मॅडमकडं जमा असतात, रविवारी ठरलेल्या वेळापुरते हातात मिळतात. आमचं बोलणं कसं... "जेवलीस का?" "हाव." "सराव?" "चालू हाय." "बरं, ठेवतो." झालं. मला वाटायचं पोरगी दमलेली असेल, उगाच कशाला तिचं डोकं खायचं. आणि खरं सांगू? हिला आता आपली गरज राहिली नाही, असंच मनानं घेतलं होतं.

तर सिनेमा सुरू झाला. पहाटेची धाव, वजनकाट्यावर श्वास धरून उभ्या पोरी, मॅटवरच्या कुस्त्या. ऋतूने एकीचा पट काढून तिला खाली घेतलं तेव्हा शेजारच्याने मला कोपर मारलं, "तुमचीच ना वो?" मी मान हलवली. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

मग पडद्यावर रविवार आला. पोरी व्हरांड्यात जागा धरून आपापल्या घरी बोलतायत. कॅमेरा सरकत सरकत जिन्याखाली गेला, तिथं ऋतू. फोन कानाला.

"पप्पा, गुडघा लय दुखायलाय वो. मॅडमला सांगितलं न्हाई, त्या खेळू द्यायच्या न्हाईत... तुमी काय केलं जेवायला? आज बी नुसता भातच?" मग थांबली. पलीकडचं ऐकत होती. आणि एकदम अशी खळखळून हसली की सगळा हॉल हसला. "काय बी सांगता पप्पा तुमी."

मी खुर्चीत थिजलो. गुडघ्याचं मला कधी कळलंच नव्हतं. आणि पोरगी एवढी हसेल असं तर मी जन्मात काही बोललेलो नाही. क्षणभर वाटलं, ही दुसऱ्याच कुणाला पप्पा म्हणतेय की काय... मग डोक्यात उजेड पडला. मी माझा फोन कधीच ठेवला होता. पोरगी बंद फोनवर बोलत होती.

पडद्यावर बासरी वाजत होती. पुढच्या रांगेतली एक बाई पदराने डोळे पुसत होती. शो संपल्यावर माणसं येऊन माझा हात हातात घ्यायला लागली... नशीबवान आहात, आजकाल पोरं कुठं बापाशी एवढं मोकळं बोलतात. मी आपला हो हो करत राहिलो. त्या गर्दीत मला जेवढं एकटं वाटलं तेवढं घरीसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

ऋतू पुढं टीमबरोबर बसली होती. ती आली आणि खाली बघत उभी राहिली. मी विचारलं, "गुडघा कसा हाय?"

"बरा हाय आता." मग म्हणाली, "वेळ उरायचा पप्पा. बाकीच्या पोरी बोलायलेल्या असायच्या. फोन परत द्यायला गेलं की म्हणायच्या, झालं बी? मग मी बी बोलत बसायचे."

"कुणाशी?"

"तुमच्याशीच की."

"आन् मी काय बोलायचो?"

"लय बोलायचात," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून मी रडलो. शेजारी एक आजोबा होते, त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली.

हे सगळं ऋतूला विचारूनच लिहितोय. "लिहा, त्यात काय," म्हणाली. सिनेमावाल्यांना मात्र यातलं काही माहीत नाही. बापलेकीचं बोलणं टिपलं असं त्यांना वाटतं. त्यांनी काय टिपलं ते वाचून कळेल त्यांना, पण त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

काल रविवार होता. जेवण विचारून झालं, सराव विचारून झाला, आणि तोंडाशी आलेलं "ठेवतो" मी गिळलं. पुढं काय बोलायचं ते कळेना.

शेवटी दुकानात आलेल्या एका मोटारीचं सांगितलं... आत उंदराने चांगला संसार मांडला होता आणि मालक कंपनीच्या नावाने बोटं मोडत होता. सांगताना मधेच दोनदा अडखळलो. ऋतू हसली. सिनेमातल्यासारखी नाही, थोडीशीच... पण या वेळी खरंच मी काहीतरी बोललो होतो.