बाथला थांबलेली बस

बाथ मला तोंडपाठ आहे. आम्ही बेसिंगस्टोकला राहतो आणि बेसिंगस्टोकमध्ये पाहुण्यांना दाखवण्यासारखं काय, तर रस्त्यातलं गोल चक्कर, म्हणजे एक राउंडअबाउट, आणि त्याच्या पुढचा राउंडअबाउट. त्यामुळे पुण्या-नागपूरहून कुणी आलं की त्यांचा चहा-नाश्ता उरकायचा, गाडीत घालायचं आणि बाथला न्यायचं, हा आमच्या घरचा कुळाचार होऊन बसला आहे. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, रोमन लोकांची न्हाणीघरं, दुकानं अंगावर घेऊन उभा असलेला पूल. कुठल्या कोपऱ्यावर पाहुणे 'अय्या' म्हणणार आणि कुठे त्यांचे पाय दुखायला लागणार, हेसुद्धा मला माहीत असतं.

माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. दिवसभर पगार घेऊन चुका शोधते आणि घरी आल्यावर तेच काम फुकट करते, असं माझा नवरा म्हणतो. बाथमध्येही मी सारखी काहीतरी खोट काढत असते. एक खोट मात्र माझ्याच हिशेबात होती. सगळ्या गावाला बाथ दाखवून झालं, माझ्या आईवडिलांना दाखवलं नव्हतं.

मी लग्न केलं तो मुलगा नागपूरचा, बौद्ध घरातला. बाबा लग्नाला आले नाहीत. भांडलेही नाहीत. भांडले असते तर परवडलं असतं, कारण भांडणात मला कुणी हरवू शकत नाही. त्यांनी तो विषयच बंद केला. मी पुण्याला एकटी जायचे, एकटी यायचे. फोनवर ते माझ्या तब्येतीची, ऑफिसची, हवेची चौकशी करत आणि शेवटी विचारत, "तिकडे सगळं ठीक?" त्या 'तिकडे'मध्ये माझा अख्खा संसार आला. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. आई मात्र बाबा फिरायला गेले की व्हिडिओ कॉल लावायची आणि जावयाशी भाज्यांच्या भावापासून गुडघ्यांपर्यंत सगळं बोलून घ्यायची.

मग एके दिवशी आईने फोनवर सांगितलं, "आम्ही येतोय. टूरने."

"टूरने? माझं घर असताना?"

"ह्यांचं म्हणणं, मुलीकडे राहायला जायचं नाही, इंग्लंड बघायला जायचं."

मी चिडून बरंच काही बोलले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दुसऱ्या टूरमध्ये स्कॉटलंडही होतं, पण बाथ नव्हतं. ह्यांनी ही घेतली. आता काय ते तू समज. गुरुवारी दुपारी अडीच तास आहोत आम्ही तिथे."

त्या गुरुवारी नवरा गाडी चालवत मला घेऊन आला, पण गावाबाहेर गाडी लावून पार्क अँड राईडच्या बसने गावात उतरल्यावर म्हणाला, "तू जा. मी पुलाजवळ बसतो, नदीकाठी."

"चल ना. काय करतील ते?"

"काही नाही करणार. म्हणूनच नको. तुमच्या भेटीच्या मधात मी कशाला? बोलावलं तर येतो."

त्याने त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. नुसतं नदीकाठी बसायला कुणी इस्त्रीचा शर्ट घालत नाही. मला ते दिसलं. आज बाबांनी ह्याला भेटलंच पाहिजे, एवढं एकच माझ्या मनात होतं. आज नाही तर पुन्हा कधी? बाबांचं वय झालं होतं आणि एवढा प्रवास ते दुसऱ्यांदा करणार नव्हते.

अ‍ॅबीच्या मागे, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या मागे, बस येऊन थांबली. एकामागून एक केशरी टोप्या उतरल्या. टूर मॅनेजर बाई छोटा झेंडा उंच धरून माणसं मोजत होत्या. त्या टोप्यांमध्ये बाबा होते. आजपर्यंत पुण्यात मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहायचे; ते माझ्या मुलखात उतरताना मी पहिल्यांदा पाहत होते. आयुष्यात कधी टोपी न घातलेला माणूस ती केशरी टोपी नीट बसवून शिस्तीत रांगेत उभा होता. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

"वाळलीस," बाबा म्हणाले.

"तुम्ही पण," मी म्हटलं.

आईने आधी मला जवळ घेतलं, मग इकडेतिकडे पाहत विचारलं, "आणि ते?"

"पुलाजवळ बसलाय. नदीकाठी." मी मुद्दाम मोठ्यानेच सांगितलं.

बाबा समोरच्या भिंतीवरची पाटी वाचत होते. पाटीवर बाहेर जायचा रस्ता कुठला एवढंच लिहिलं होतं, पण ते खूप वेळ वाचत राहिले. त्यांचे कान अजून तिखट आहेत.

टूर मॅनेजर बाईंनी मला सोबत फिरायची परवानगी दिली आणि सगळ्यांना बजावलं, "साडेतीनला बस निघेल. उशीर करणाऱ्याला काय शिक्षा, माहिती आहे ना?" सगळे हसले. आईने मला शिक्षा समजावून सांगितली. जो उशिरा येईल त्याने बसमधल्या माइकवर गाणं म्हणायचं. विंडसरला एका डॉक्टर जोडप्याला उशीर झाला, त्यांना म्हणावं लागलं होतं.

"बेसूर," बाबा म्हणाले. त्यांचा आक्षेप बेसूर गाण्यापेक्षा उशिराला जास्त होता. ते आयुष्यभर रेल्वेत वेळापत्रकाच्या कामाला होते. आमच्या घरी चहासुद्धा वेळेच्या आधी व्हायचा.

"पहिल्या दिवशी त्याच माइकवर सगळ्यांनी ओळख करून दिली," आई चालता चालता माझ्या कानाशी म्हणाली. "ह्यांनी सांगितलं, एक मुलगी आहे, इंग्लंडला असते. आणि माइक पुढे दिला."

रोमन न्हाणीघरात बाबांनी कानाला लावायचं यंत्र घेतलं आणि एकूण एक नंबर दाबून ऐकला. आईने यंत्र गळ्यात अडकवलं, पण कानाला काही लावलं नाही. ती कठड्याशी उभी राहून त्या हिरव्या, वाफाळणाऱ्या पाण्याकडे बघत होती.

"एवढं गरम पाणी, आणि आंघोळ करायची नाही?"

"हात पण लावायचा नाही."

"मग काय उपयोग? वज्रेश्वरीला निदान पाय तरी बुडवता येतात."

तिचा मुद्दा मला पटला. एवढ्या वेळा तिथे येऊन माझ्या हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बाहेर पडायच्या आधी त्याच झऱ्याच्या पाण्याचा एक नळ आहे, तिथे कागदी पेल्यातून पाणी चाखता येतं. लोक एक घोट घेतात, तोंड वाकडं करतात आणि फोटो काढतात. आईने पेला बाजूला ठेवला, उजव्या तळहाताची पळी करून पाणी घेतलं, तीर्थासारखं प्यायली आणि ओला हात डोळ्यांना लावला. मग बाबांना दिलं. त्यांनीही तसंच केलं. मागच्या रांगेतल्या एका इंग्रज बाईने ते पाहिलं आणि आपली पाळी आल्यावर तीही तळहातानेच प्यायली.

"जावयांना शर्टपीस आणलाय," आई मला हळूच म्हणाली. "पिशवीत आहे."

"बाबांना माहितीय?"

"बॅगा सगळ्या हेच भरतात. त्यांनीच घडी घालून ठेवलाय."

बाथच्या अ‍ॅबीची जमीन म्हणजे सगळी थडग्यांच्या शिळा. एकाला एक लागून, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि प्रत्येकीवर नाव, गाव, कुणाची बायको, कुणाचा मुलगा. लोक त्यांच्यावरून बिनधास्त चालतात. चालून चालून कितीतरी अक्षरं झिजली आहेत. मीही पाहुण्यांना घेऊन तिथून कितीदा तरी गेले होते, वर छताकडे बोट दाखवत. खाली बघायचं कारण नव्हतं.

बाबांनी आत पाऊल टाकलं, खाली पाहिलं आणि थांबले. मग दोन शिळांच्या मधली चिंचोळी फट शोधून त्यांनी त्यावर पाऊल ठेवलं. मग दुसरी फट. आमच्या घरी कागदाला पाय लागला तरी नमस्कार करायची पद्धत. इथे तर अक्षरं दगडात कोरलेली, आणि ती माणसांची नावं. झेंडा पुढे निघून गेला, केशरी टोप्या त्याच्या मागे गेल्या आणि बाबा मधल्या वाटेवर एका पायावर तोल सावरत उभे राहिले. पुढे फट नव्हती. गळ्यात ओळखपत्र घातलेले एक आजोबा येऊन अदबीने म्हणाले, चालायला हरकत नाही, सगळेच चालतात. बाबांनी मान हलवली, पण पाय उचलला नाही. बूट एका नावाला लागलाच होता. त्यांनी वाकून त्या दगडाला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

दुसरा कुठला दिवस असता तर मला कौतुक वाटलं असतं. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. नदीकाठचा इस्त्रीचा शर्ट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

"बाबा," मी म्हटलं, "ही कोण कुठली मेलेली माणसं. ह्यांच्या नावाला पाय लागू नये म्हणून तुम्ही एवढे जपताय. माझ्या घरातल्या जिवंत माणसाचं नाव तुम्ही एकदा तरी घेतलंत का?"

"हळू बोल," आई म्हणाली. आवाज घुमत होता, पण मराठी कळणारे सगळे पुढे गेले होते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते पायाखालच्या नावाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "झेंडा पुढे गेला," आणि भिंतीच्या कडेकडेने, मिळेल त्या फटीत पाऊल टाकत बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. एवढ्या वर्षांनी एक दुपार मिळाली होती, ती मी माझ्या जिभेने घालवली.

बाहेर अर्धा तास मोकळा होता. बाबा आईला म्हणाले, "तुम्ही खरेदी करा, मी जरा पाय मोकळे करतो." आई आणि मी दुकानात गेलो. तिने शेजारणींसाठी फ्रिजवर लावायची चित्रं निवडली, मी नुसती उभी होते.

"बोललीस ते बरं केलंस," ती चित्रं उलटसुलट करत म्हणाली. "मी इतकी वर्षं मनातल्या मनात बोलतेय."

साडेतीनला आम्ही बसपाशी पोचलो. टूर मॅनेजर बाईंनी डोकी मोजली, पुन्हा मोजली. एक डोकं कमी होतं. बाबांचं.

आईचा चेहरा उतरला. ट्रेन चुकेल म्हणून तासभर आधी स्टेशनवर जाऊन बसणारा माणूस. फोन आईकडे होता, त्यांच्याकडे नव्हता. मी नवऱ्याला फोन लावला, म्हटलं, हा तरी शोधायला येईल. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. उचलला नाही. ड्रायव्हर म्हणाला, इथे जास्त वेळ थांबता येणार नाही. बसमधून कुणीतरी ओरडलं, "काकांना गाणं म्हणावं लागणार!" मला त्या माणसाचा इतका राग आला की सांगता सोय नाही. बाबा कुठे पडले असतील, चक्कर आली असेल, नाही नाही ते मनात येत होतं. आणि जे काही झालं असेल ते माझ्या बोलण्यामुळे.

तेवढ्यात आई म्हणाली, "ते बघ."

पुलाच्या बाजूने दोघं येत होते. बाबांची केशरी टोपी माझ्या नवऱ्याच्या हातात होती. बाबा रस्ता ओलांडताना थांबले, तेव्हा त्याने त्यांच्या कोपराला हात लावला आणि त्यांनी तो लावू दिला. घाई कुणालाच नव्हती. जवळ आल्यावर नवरा आईच्या पाया पडायला वाकला, तर तिने त्याला अर्ध्यातच धरलं आणि शर्टपीस काढायला पिशवीत हात घातला. तिला तो सापडेना, कारण तिला दिसत नव्हतं.

"फोन का नाही उचललास?" मी त्याला विचारलं.

"बाबा बोलत होते," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर फोन कसा उचलू?"

बाबा बसच्या पायऱ्या चढले. टूर मॅनेजर बाईंनी हसत माइक पुढे केला. "काका, नियम म्हणजे नियम." टाळ्या पडल्या. मी दारात उभी होते, मला सगळं दिसत होतं. बाबांनी माइक घेतला, एकदा फुंकर मारून पाहिला.

"उशीर झाला, माफ करा," ते म्हणाले. "गाणं मला येत नाही. पहिल्या दिवशी ओळख करून देताना एक माणूस राहिला होता, तेवढा सांगतो."

आणि त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. त्याचं, मग त्याच्या वडिलांचं, मग आडनाव. एकेक शब्द सावकाश, स्टेशनवर गाडीची घोषणा करावी तसा. बस पुण्याची होती, आडनाव ऐकून कुणाला काय कळायचं ते लगेच कळलं.

"राहणार नागपूर, आता बेसिंगस्टोक," बाबा म्हणाले. "आमचे जावई. ते खाली उभे आहेत." मग त्यांनी माइक परत दिला आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

विंडसरला बेसूर गायलेल्या डॉक्टर बाईंनी पहिल्यांदा खिडकीतून हात हलवला. मग बऱ्याच खिडक्यांतून हात हलले. आई सगळ्यात शेवटी चढली. बाबांनी काचेतून आमच्याकडे पाहिलं, डोक्याकडे हात नेला, टोपी नाही असं लक्षात आलं, आणि ते हसले. बस वळून गेली.

आम्ही तिथेच उभे होतो. शर्टपीस आणि केशरी टोपी दोन्ही नवऱ्याच्या हातात होती.

"तुझ्या वडिलांचं नाव मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं," मी म्हटलं.

"मला विचारलं ना," तो म्हणाला. "दोनदा विचारलं. म्हणे, चुकायला नको."