शेपटाची बंडी

रविवारी जंगलात चालायला जाणाऱ्या मंडळींमध्ये तिला सगळे शेपूटताई म्हणत. तिला त्याचा राग नव्हता, उलट थोडा मानच वाटायचा. रांगेत सगळ्यांत पुढे तिचा नवरा, सगळ्यांत मागे ती आणि मध्ये दहा-बारा जण. शेपटाचा नियम एकच, कुणाच्याही पुढे जायचं नाही. जो सगळ्यांत हळू चालतो त्याच्याही मागे राहायचं, म्हणजे वाट चुकून कुणी जंगलात राहत नाही. शेपूट लांबूनही ओळखू यावं म्हणून दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडाची एक केशरी बंडी तिनंच शिवली होती.

बाकीचे सहा दिवस ती लोकांचे कपडे दुरुस्त करायची. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, एक आरसा आणि कपडे बदलायला एक पडदा. पँट आखूड करणं, चेन बदलणं, लग्नात शिवलेला कोट लग्नानंतरच्या पोटाला बसवणं, असली कामं. नवरा शहराच्या बसवर ड्रायव्हर होता, आता निवृत्त. घरात त्याचं बोलणं मोजूनमापून. "चहा गोड झालाय का?" विचारलं तर "असेल." जन्मभर हॉर्न आणि भांडणं ऐकलेल्या माणसाला घरात शांतता लागते, हे तिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी मनाशी पक्कं केलं होतं आणि तक्रार गिळून टाकली होती. हा माणूस मोठ्यानं हसू शकतो, हे तिला इतक्या वर्षांनी कळलं, आणि तेही दरीच्या पलीकडून.

कारण ती दातवाली.

दातवाली म्हणजे दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावणारी बाई. थंडी सुरू होता होता मंडळीत आली. लांब पाय, छातीत दम, आणि दवाखान्याची जाहिरात शोभावी असे दात. पहिल्या रविवारी ती हिच्या नवऱ्याच्या मागे चालली, दुसऱ्या रविवारी शेजारी.

"ड्रायव्हरसाहेब, तुमचा वेग मला बरोबर जमतो हं."

"बसपेक्षा कमीच आहे," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. घरी त्यानं असा विनोद केला असता तर तिनं तारीख लिहून ठेवली असती.

त्या राखीव जंगलात तीन नद्या होत्या. वाट प्रत्येक नदीपर्यंत वळणावळणानं उतरायची, लाकडी पूल ओलांडायची आणि समोरचा डोंगर चढायची. त्यामुळे पुढची माणसं पलीकडे वर पोचली तरी शेपूट अलीकडेच असायचं. उतारावर एका वळणाला झाडी फाटायची आणि समोरची चढण तळहातावर ठेवल्यासारखी दिसायची. तिथं आलं की तिला दर वेळी दिसायच्या दोन टोप्या, शेजारी शेजारी, उभ्या. ती वळणावर आली रे आली की दोन्ही टोप्या चालू लागायच्या.

"मला बघितलं की निघतात, चोरासारखे," तिनं धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं.

"अगं, बारा माणसांसमोर कोण काय करणार आहे?"

"बारा माणसं मागे असतात. पुढे ते दोघंच."

"मग तूही जा पुढे."

"शेपटाला पुढे जाता येत नाही."

"मग शेपूट सोड. तुला काय ते जन्मजात आहे का?"

सोडणं सोपं नव्हतं. तिच्या पुढे कायम औषधांच्या दुकानाचे मालक. देह भारी, स्वभाव निवांत. प्रत्येक अळंबीपाशी थांबून ही विषारी की बिनविषारी, याचा ते विचार करायचे. मागे ती दात-ओठ खात उभी. "ताई, घाई असेल तर मला उचलून घ्या," ते म्हणायचे. समोरच्या डोंगरावरून हसणं ऐकू यायचं आणि ती बंडीच्या शिवणीतला सुटा धागा ओढत राहायची.

एके दिवशी दातवाली दुकानातच आली. हातात हिरवं जॅकेट. "कमरेत जरा घ्याल का, ताई? गबाळं दिसतं."

पडद्यापाशी उभं करून तिनं टाचण्या लावल्या. कंबर खरंच बारीक होती. रात्री मशीनवर बसल्यावर तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं टाचण्यांच्या आत अर्धं बोट जास्त शिलाई मारली. चढावर श्वास घेताना कळू दे. दातवालीनं जॅकेट घातलं, आरशापुढे वळून पाहिलं आणि म्हणाली, "अय्या, किती छान बसलंय. काय हात आहे तुमचा." त्या रविवारी निघताना नवऱ्यानंही मान डोलावली. "बघ, तुझ्या हातचं काम कसं उठून दिसतंय." तिनं बुटाची नाडी करकचून बांधली.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी तो बूट पुसत बसला होता. बूट गेल्या वर्षभरात पुसले नव्हते. ती म्हणाली, "उद्या मी पुढे चालणार. तुमच्याबरोबर."

"मग शेपूट?"

"ती आहे ना तुमची. पाय लांब आहेत तिचे."

"शेपटाला पाय लागत नाहीत, सबुरी लागते."

"तिच्यात सगळंच आहे. सबुरीही असेल."

त्यानं बुटातून डोकं वर काढलं, तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, "बरं." वाद नाही, कुरकुर नाही. इतक्या सहज 'बरं' म्हटल्याचाही तिला रात्रभर राग आला.

सकाळी फाटकापाशी तिनं बंडी काढून दातवालीच्या हातात दिली. केशरी रंग त्या बाईला शोभला. ते बघायचं नाही असं ठरवून ती पुढे गेली.

पहिला उतार मजेत गेला. नवऱ्याच्या शेजारी, समोर मोकळी वाट, अंगावर पानांमधून येणारं ऊन. पण बोलायचं काय? स्वयंपाकघरातल्या गळक्या नळावर बोलून झालं. बहिणीच्या मुलाच्या नोकरीवर बोलून झालं. पुलापर्यंत दोघंही गप्प. ती मनात म्हणाली, हा त्या दातवालीशी दर रविवारी काय बोलत असेल? मागून, खूप मागून, औषधवाल्यांचं खो खो हसणं ऐकू आलं. तिच्याबरोबर चालताना ते असे कधी हसले नव्हते.

पलीकडच्या चढणीवर, मोकळ्या जागेत, नवरा थांबला.

"दम लागला?"

"नाही. शेपूट दिसू दे."

एकेक माणूस वर येऊन मागे सावलीत टेकत होता. तो मात्र कपाळावर हात धरून समोरच्या डोंगरावरच्या त्या वळणाकडे बघत उभा राहिला. जन्मभर बसचा मागचा दरवाजा लागल्याशिवाय गाडी न हलवणारा माणूस. त्याच्या जबड्याची एक शीर ताठ झाली होती.

"दर वेळी थांबता?" तिनं विचारलं.

"मग? शेपूट दिसल्याशिवाय निघायचं कसं? कुणी पडलं, कुणाला काय झालं, इथून कसं कळणार?" मग नजर न हलवता म्हणाला, "दातांच्या बाईंची नजर चांगली आहे. त्यांना माझ्या आधी दिसायचीस तू. 'आल्या बघा ताई' म्हणायच्या. मग निघायचो."

समोर वळणावर केशरी ठिपका आला. नवऱ्याचा हात खाली आला. ताठ शीर सैल पडली, आणि चेहऱ्यावर काहीतरी असं पसरलं, जे तिनं या चेहऱ्यावर आजवर पाहिलं नव्हतं. "आली," तो म्हणाला आणि चालू लागला.

ती जागची हलली नाही. दर रविवारी तीनदा हा माणूस असा उभा राहिला होता, तिच्यासाठी. हा चेहरा तिचा होता, आणि तो बघायला ती कधी इथं नव्हती. आज होती, तर तो दुसरीसाठी झाला होता. आणि ही व्यवस्था कुणी केली? तिनंच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

दुसऱ्या नदीवर पुन्हा तेच. कपाळावर हात, ताठ शीर, केशरी ठिपका, "आली." या वेळी ती ठिपक्याकडे बघत नव्हती, नुसती नवऱ्याकडे बघत होती. त्याच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या उताराच्या तोंडाशी ती एका दगडावर बसली.

"काय गं?"

"गुडघा. तुम्ही व्हा पुढे."

तो घुटमळला, पण रांग मागून येत होती. सगळे तिच्यासमोरून गेले. शेवटी औषधवाले आणि दातवाली आले, दोघंही कशावर तरी हसत.

"काढा ती बंडी," ती म्हणाली.

"अहो, पण तुमचा गुडघा..."

"गुडघा मागेच बरा राहतो."

दातवालीनं बंडी काढून दिली. खरं म्हणजे तिला सुटल्यासारखं झालं असावं. लांब ढांगा टाकत ती पुढे गेली. पुलाच्या आधीच तिनं नवऱ्याला गाठलं असणार, हे हिला न बघताही कळत होतं.

बंडी अजून त्या बाईच्या अंगानं गरम होती. तिनं ती झटकली आणि घातली. औषधवाल्यांच्या मागे उतरत ती वळणाच्या अलीकडे शेवटच्या मोठ्या झाडापाशी आली आणि थांबली.

"चला ना ताई," ते म्हणाले.

"थांबा हो. बुटाची नाडी सुटली."

नाडी सुटली नव्हती. ती खाली वाकली आणि फांद्यांमधून पलीकडे पाहिलं. दोन टोप्या शेजारी शेजारी. हिरवं जॅकेट कमरेत बेतशीर बसलेलं, तिच्याच हातचं. ती बाई हातवारे करून काहीतरी सांगत होती. तो ऐकत नव्हता. कपाळावर हात होता. मग हात खाली आला, पुन्हा वर गेला. तो दोन पावलं कड्याच्या बाजूला सरकला. बाईनं काहीतरी विचारलं. त्यानं मान वळवली नाही.

"ताई, किती गाठी मारताय?"

"सुटू नये म्हणून."

तिनं एक गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. पलीकडे तो आता तोंडाभोवती हात धरायच्या बेतात होता. हाक मारली असती तर अख्ख्या मंडळीला कळलं असतं. मारू दे की.

मग मात्र तिला राहवलं नाही. ती उठली आणि वळणावर, उन्हात आली.

दोन्ही टोप्या लगेच निघाल्या, अगदी नेहमीसारख्या.