बिरूआप्पांचा भूकंप

आमच्या तालुक्यात कधीच न झालेल्या भूकंपाचे लेखक आज पहाटे गेले.

हसू नका. म्हणजे हसा, आप्पांना चाललं असतं.

नव्या मित्रमंडळींसाठी सांगते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी शिरूरच्या लोकल केबल चॅनेलवर लेखकांच्या मुलाखती घ्यायचे. स्टुडिओ म्हणजे व्हिडिओ लायब्ररीची मागची खोली. मागे निळी चादर, बाजूला प्लॅस्टिकची फुलं. पंखा बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये यायची.

पाहुणे एकेक नग. एक कवी प्रत्येक प्रश्नाला कवितेनं उत्तर द्यायचे. "चहा घेणार का?" यालासुद्धा.

दौंडचे एक कादंबरीकार स्वतःचे प्रश्न स्वतःच लिहून आणायचे. मी ते विचारले की म्हणायचे, "वा! काय विचारलंत!"

आणि एक दिवस न्हावऱ्याहून बिरूआप्पा आले.

तरुणपण मेंढरांमागं गेलेलं, आता ऊस आणि कांदा. पुण्याच्या एका प्रकाशकानं त्यांचं आत्मकथन छापलं होतं. सोबत बायको, हौसाकाकू. काकूंना वाचता येत नव्हतं. नवरा टीव्हीत कसा दिसतो, एवढंच बघायला आल्या होत्या.

"आप्पा, तुमची लेखनप्रक्रिया काय?"

"आधी मेंढरं बसवायची. मंग लिवायचं."

"प्रेरणा कुठून मिळाली?"

"ही बोलाय लागली की मी लिवाय बसायचो. तेवढीच शांतता."

कॅमेरावाला हसला, त्याबरोबर अख्खं चित्र हललं.

मग मी माझा हुकमी एक्का काढला. पुण्याच्या पेपरात ज्या पानाचं भरभरून कौतुक झालं होतं, ते पान. चांगला आवाज लावून वाचलं, "पहाटे वाडा हलला. धरणी थरथरली. भिंतींना तडे गेले..."

कोपऱ्यातून आवाज आला.

"आवो, कवा झाला भूकंप?"

प्रोग्राम लाइव्ह होता.

"आन् भिंती कुनाच्या? आपल्याला भिंत कवा व्हती?"

आप्पांचा चेहरा त्या चादरीसारखा निळा पडला.

झालं होतं असं. धनगरांचा वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं, सगळं फिरतं बिऱ्हाड. वाडा हलला म्हणजे तळ उठला, पुढच्या गावाला निघाला. आप्पांनी तेवढंच लिहिलं होतं.

पण प्रकाशकाकडच्या मुद्रितशोधकाला वाडा म्हणजे चिरेबंदी, चौसोपी. तो हलला म्हणजे भूकंपच की! त्या भल्या माणसानं लेखकाला मदत म्हणून तडेबिडे पदरचे घातले. आप्पांना कळलं ते थेट छापील पुस्तक हातात आल्यावर. आणि लोक नेमकं तेच पान वाखाणायला लागले. आप्पा गप्प बसले.

काकू गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या.

"त्या दिशी मी लेकराला घिऊन घोड्यावर व्हते. भुई हलली आसती तर मला कळलं नसतं? खोटं लिवलंत तुम्ही. समदंच खोटं आसंल!"

आणि उठल्या. कॅमेऱ्यासमोरून आरपार चालत बाहेर पडल्या आणि न्हावऱ्यावरून जाणारी चौफुल्याची एसटी धरली. आप्पा त्यांच्यामागं पळाले, वायरसकट. तो आमचा एकुलता एक माइक होता हो.

त्यानंतर काकूंनी घरात पुस्तकाचं नाव काढू दिलं नाही. आप्पांनी पान उघडलं की त्या उठून गोठ्यात.

"जग वाचतंय गं पोरी," आप्पा मला म्हणाले, "पर जिच्यासंगं जगलो, तीच मला खोटारडा म्हंती." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मलाही भरून आलं.

इकडे मात्र गंमतच. शिरूर-दौंडमध्ये पुस्तक धडाधड खपलं. लोक दुकानात जाऊन "ते भूकंपाचं द्या" म्हणायचे. प्रकाशक खूष. दुसरी आवृत्ती काढू म्हणाले. मी आप्पांसोबत पुण्याला गेले.

"सायेब, तेवढा भूकंप काढा."

"अहो आप्पा, तो तर पुस्तकाचा आत्मा आहे!"

"मंग माझं नाव काढा. भूकंपाचं घाला."

आवृत्ती अडली ती अडलीच. सगळ्यांनी समजावलं. मीही म्हटलं, आप्पा, एका ओळीपायी पुस्तक घालवू नका. पण माणूस दिसायला मेंढरासारखा गरीब, हट्टाला निव्वळ एडका!

काही वर्षांनी प्रकाशकच दमले.

नवी प्रत हातात पडली तशी आप्पांनी मला साक्षीला बोलावलं. अंगणात काकूंना बाजेवर बसवलं. चष्मा पुसला. पुन्हा पुसला. आणि वाचायला लागले.

"पहाटे वाडा हलला. तांबड्या घोड्यावर बिऱ्हाड चढवलं..."

भिंत नाही. तडा नाही. काकू तोंड फिरवून बसलेल्या, पण गोठ्यात गेल्या नाहीत.

"पांढरा व्हता."

"काय?"

"घोडा. पांढरा व्हता."

"तांबडा व्हता, हौसा."

"त्याच्यावर मी बसले व्हते का तुम्ही?"

भाकरी गार झाल्या तरी भांडण चालूच. माझी एसटी गेली. आणि आप्पांना इतकं खूष मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

आज सकाळी मी न्हावऱ्याला गेले. तिथं एका वार्ताहराचा फोन आला, छोटी बातमी द्यायची म्हणून. मी काकूंना विचारलं, "काय लिहायला सांगू? प्रगतिशील शेतकरी?"

काकूंनी पदरानं डोळे पुसले.

"लेखक म्हन. चुकायचे लई. पर खोटं न्हाई लिवलं कवा."

मी तसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, एवढं बसणार नाही."

म्हटलं, बसवा. आणि त्यातला एक शब्द जरी इकडचा तिकडं केलात ना, तर बघा.

आप्पा, लई आठवण येईल तुमची. भरल्या मनानं नमस्कार.