पाठमोरं विमान

विमान डावीकडे पळत होतं आणि मला जॉयस्टिकवाल्याचा संशय आला.

चार दिवस तेच चाललं होतं. इंजिन सुरू करायचं, थ्रॉटल पुढे सरकवायचा, आणि वेग येतोय असं वाटेपर्यंत नाक डावीकडे वळून आम्ही धावपट्टी सोडून गवतात. जॉयस्टिक विकत घेतली तेव्हा डबा आधीच उघडलेला होता, हे मी मनात टिपून ठेवलं होतं. पाचव्या दिवशी ती घेऊन लॅमिंग्टन रोडला परत गेलो. दुकानदाराने ती स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली, चारी बाजूंना फिरवून दाखवली. "साहब, माल एकदम ओके है. हाथ को सिखाओ," असं म्हणून त्याने डबा माझ्यापुढे सरकवला. मग मला खेळाच्या सीडीचा संशय आला.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अकरा नंबर ना तू? अरे, दांडी उजवीकडे पिळ. पुढचा पंखा फिरतो ना, तो अख्खं विमान डावीकडे खेचतो. सगळ्यांचंच पळतं."

मी वळून पाहिलं तर चौदा नंबरचा. लालबागला आमच्याच चाळीत, आमच्याच गॅलरीत, मध्ये दोन खोल्या सोडून तो राहायचा. दोघांनीही तिशी गाठली होती, आणि आमच्यातलं हे पहिलं बोलणं.

त्याचं कारण गिरण्यांचा संप. मी तेव्हा लहान होतो, पण ती गोष्ट घरात इतक्या वेळा ऐकली होती की स्वतः पाहिल्यासारखी पाठ झाली होती. बाबा गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे; त्याचे वडील, चौदा नंबरवाले, त्याच गिरणीत फिटर. संप लांबत गेला, घराघरांतली भांडी विकली गेली, कोण लपून कामावर जातोय याची कुजबुज सुरू झाली. एका पहाटे बाबांनी चौदा नंबरवाल्यांना गिरणीच्या मागच्या दाराने आत जाताना पाहिलं. परत येऊन त्यांनी ते गॅलरीत सांगितलं. त्या दिवसापासून ते 'फुटले'. आमच्याकडे हा शब्द काचेसाठी नव्हता, माणसासाठी होता. त्यांच्या बायकोला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं, नळावर त्यांच्या हंड्यामागे कुणी हंडा लावेना. पुढे संप विरला, गिरणीच बंद पडली, गॅलरीतले बाकीचे हळूहळू विसरले. आमचं घर तेवढं विसरलं नाही. बाबांना विचारलं की एकच उत्तर यायचं, "मी माझ्या डोळ्यांन बघितलंय."

मी बाबांचाच मुलगा. त्यात गिरगावातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासायचं काम करत होतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेत होतो. घरी कॉम्प्युटरही जादा काम करायला म्हणूनच घेतला होता. त्यामुळे घरी येऊन दांडी उजवीकडे पिळली आणि विमान सरळ धावत जाऊन अलगद वर उचललं गेलं, तेव्हा आनंद झाला खरा, पण लगेच मनात आलं, ह्याने मला फुकट का सांगितलं?

तरी मी त्याच्याकडे शिकायला लागलो. तो परळच्या एका इस्पितळात लॅबमध्ये होता, रक्ताच्या बाटल्या हाताळणारा शांत माणूस. विमान उडवायचा तो खेळ, सिम्युलेटर, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा. त्यात सगळं सोपं करून घ्यायची सोय होती, पण त्याला ते मंजूर नव्हतं. "खोटं उडवायचं तर पतंग आहे की," म्हणायचा. म्हणून आम्ही सगळं अवघडावर ठेवलं. इंजिन तापायचं, तापलं की हवेची झडप उघडायची, उघडली की वेग मरायचा. वळताना दांडी जरा जास्त ओढली की पंख हवा सोडायचा आणि विमान गरगरत खाली. मी दांडी कायम जास्तच ओढायचो. महिनाभरात मी किती वेळा मेलो याची मोजदाद ठेवली नाही, पण प्रत्येक वेळी त्याच्या चुका कमी आणि माझ्या जास्त कशा, हा प्रश्न मला छळत होता. एकदा त्याच्या घरी बसलो असताना तो पाणी भरायला गेला, तेव्हा मी पटकन त्याची सेटिंग्ज उघडून बघितली. माझ्याइतकीच अवघड होती. मला लाज वाटली आणि थोडा रागही आला.

मग त्याने दोन कॉम्प्युटर जोडायची टूम काढली. एक लांबलचक निळी वायर आणली, ती गॅलरीच्या कठड्याखालून, बारा आणि तेरा नंबरच्या दारांवरून आमच्या खिडकीत. बारा नंबरवाल्या मावशींना वाटलं आम्ही केबल टीव्ही चोरतोय. त्यांची समजूत पटली. बाबांची पटली नाही.

"ही वायर खंयसून इली?"

"चौदा नंबरमधून."

"त्या घरातसून आपल्या घरात काय येता?"

"विमानं," मी म्हणालो.

त्यांनी ती वायर मुठीत धरली. उपटून टाकतील असं वाटलं, पण टाकली नाही. रविवारी दुपारी आम्ही खेळायला बसलो की ते माझ्यामागे खाटेवर पेपर घेऊन बसायचे. पेपरची पानं मात्र उलटल्याचा आवाज येत नसे.

हवेत दोघांनी मिळून लढायचं म्हणजे एक पुढे आणि एक मागे. पुढच्याने शिकार करायची, मागच्याने त्याची पाठ राखायची. पुढे मी असायचो, कारण मागे राहिलो तर मला काही सुधरायचं नाही. त्याने शिकवलेला पहिला नियम होता, सारखं मागे वळून बघ. जॉयस्टिकच्या टोकावर एक बटण असतं, त्याने मान फिरते. ह्या एका विद्येत मी त्याच्या पुढे गेलो. मागे बघायला मला कुणी शिकवायची गरजच नव्हती. फक्त मी मागे इतका वेळ बघायचो की दोनदा समोरच्या डोंगरावर जाऊन आदळलो. तो वायरीच्या त्या टोकाला पोट धरून हसला, ते मला दोन खोल्यांपलीकडून ऐकू आलं.

असंच हसता हसता एकदा तो म्हणाला, "माझे बाबा आत गेले नव्हते रे. कधीच. आजी इस्पितळात होती, पहाटे तिला चहा घेऊन जायचे. पण तेव्हा ऐकतो कोण?"

मी मान हलवली. मनात म्हटलं, गेलो होतो असं कुठला माणूस आपल्या मुलाला सांगेल? त्याने विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही.

सगळं अवघडावर ठेवलं की विमानांवरची नावंसुद्धा निघून जातात. आकाशात एक ठिपका, ठिपक्याला पंख फुटतात, आणि तो आपला की शत्रूचा हे पंखांच्या आकारावरून ओळखायचं. समोरून किंवा वरून ओळखता येतं. मागून बघितलं तर सगळी सारखीच दिसतात. हे मला त्याने दोनदा सांगितलं होतं.

त्या रविवारी आम्ही दोघं, समोर कॉम्प्युटरची चार विमानं. मी एकाच्या मागे लागलो, तो माझ्या मागे. कानाला हेडफोन, घाम फुटलेला, शत्रू डावीकडे वळतोय, मी त्याच्याबरोबर वळतोय, ह्या वेळी दांडी जास्त ओढत नाहीये. मान फिरवून मागे पाहिलं, तर एक विमान आमच्यापासून तोंड फिरवून पश्चिमेला, आमच्या तळाच्या दिशेने निघालेलं. एकटं, सरळ, घाईघाईने. पुढच्या क्षणी माझ्या पंखाच्या चिंध्या झाल्या आणि समुद्र वर यायला लागला.

मी हेडफोन फेकून गॅलरीत आलो. तोही दारात आला होता, काहीतरी सांगायला तोंड उघडत होता. मी त्याला बोलू दिलं नाही.

"फुटलास ना? मला एकट्याला टाकून पळालास! बापावर गेलास!"

रविवारची दुपार, सगळी दारं उघडी. कुणाच्या तरी घरातला टीव्ही कुणीतरी बारीक केला. त्याचे वडील दाराशीच स्टुलावर बसून नारळ सोलत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही, फक्त नारळ बाजूला ठेवला आणि उठून आत गेले. त्यानेही आत जाऊन वायर काढली. आमच्या पडद्यावर जोडणी तुटल्याची पाटी आली.

मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू? इतके दिवस ज्याची वाट बघत होतो ते एकदाचं झालं, असं वाटत होतं. आता फक्त पुरावा हवा होता. खेळाचं रेकॉर्डिंग आपोआप होतं आणि ते बाहेरून, कुठल्याही बाजूने, हवं तेवढं सावकाश बघता येतं. रेकॉर्डिंगमध्ये विमानांवर नावंही येतात. आम्ही आमची नावं खोलीच्या नंबरांवरून ठेवली होती, अकरा आणि चौदा. प्रूफ तपासायला बसतो तसा मी बसलो.

पश्चिमेला निघालेलं विमान शत्रूचं होतं. त्याला आधीच गोळ्या लागल्या होत्या, मागे धुराची बारीक रेघ होती, आणि ते वाट फुटेल तिकडे पळत होतं. गोळ्या मारल्या होत्या 'चौदा'ने. तो माझ्या शेपटीखाली होता, मला कुठूनही दिसणार नाही अशा जागी, इतका जवळ की माझ्या शेपटीची सावली त्याच्या पंखावर पडत होती. माझ्यावर आलेल्या पहिल्याला त्याने पळवून लावलं. दुसरा आला तेव्हा तो बाजूला झाला नाही, मध्ये राहिला. त्याचं विमान पेटून खाली गेलं आणि त्यानंतर माझं. मी गॅलरीत ओरडत होतो तेव्हा तो माझ्याआधी मेलेला होता.

मी ते तीनदा बघितलं, कुठेतरी चूक सापडेल म्हणून.

"परत दाखय," मागून बाबा म्हणाले.

मी परत लावलं. ते खाटेवरून उठून माझ्या खुर्चीशी आले, पडद्यावर बोट ठेवलं. "ह्या पळता ता कोणाचा?"

"शत्रूचं. मला वाटलं त्याचं. मागून ओळखू आलं नाही."

शेवटपर्यंत बघून झालं तरी बाबांचं बोट तिथेच होतं. मग मी विचारलं. हे आजवर कधी विचारलं नव्हतं, विचारायचं सुचलंही नव्हतं.

"बाबा, तुम्ही त्यांचं तोंड बघितलं होतं?"

"पाठसून बघितलंय. निळो शर्ट होतो, तेच्याकडे होतो तसो."

"तोंड?"

"तेव्हा गिरणीच्या दारात तोंड दाखवून कोण जाय होतो?"

ते खाटेवर जाऊन बसले. हात गुडघ्यांवर, नजर फरशीवर. मला त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण त्यांच्या जागी मी असतो तर असाच बसलो असतो.

"सांगायला हवं त्यांना," मी म्हणालो.

"वीस वर्षांनी काय सांगतलंस?" एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी बाहेर पडलो. बारा आणि तेरा नंबरची माणसं दारातच होती, आणि ओरडताना जेवढा आवाज काढला होता तेवढाच आता काढायचा असं मी ठरवून गेलो होतो.

"चूक माझी होती," चौदा नंबरच्या दारात उभं राहून मी म्हणालो. "रेकॉर्डिंग बघितलं. तू माझ्या मागेच होतास. माझ्यासाठी तू आधी पडलास."

तो कॉम्प्युटरजवळ बसला होता. "माहितीय," म्हणाला. "तेच सांगायला बाहेर आलो होतो. पण मेलेल्या माणसाचं ऐकतो कोण?" आणि तो हसला.

त्याचे वडील आतल्या मोरीपाशी हात पुसत उभे होते. ते पुढे आले, मुलाच्या खुर्चीमागे थांबले. जवळून मी त्यांना कधी नीट पाहिलंच नव्हतं. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. ते मला रागावले नाहीत. माझ्या खांद्यावरून त्यांनी आमच्या दाराच्या दिशेने बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"बाबा काय म्हणाले?"

मला सगळं सांगता आलं असतं. निळा शर्ट, पाठ, न पाहिलेलं तोंड. दोन वाक्यांचं काम होतं आणि गॅलरी ऐकायला उभी होती.

"काही नाही," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले, आणि मोरीवरचा टॉवेल नीट वाळत घालायला वळले.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. बाबा त्यानंतर चार वर्षांनी. चौदा नंबरचा आणि मी अजूनही रविवारी उडतो, तो विरारला, मी डोंबिवलीला, आणि ती निळ्या शर्टाची गोष्ट त्याला मी अजून सांगितलेली नाही. त्या दिवशी बाबांची अब्रू राखण्यासाठी गप्प राहिलो, असं मी स्वतःला समजावत आलो. मी जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला आहे, तर ह्या कारणावर विश्वास कसा ठेवू?