पॉलिसीत न बसलेलं सुतक

विमा एजंट म्हणून मी निम्म्या घनसावंगी तालुक्याला एकच गोष्ट शिकवली, सही करण्याआधी अटी वाचा. हे वाक्य मी शेताच्या बांधावर म्हटलं, पिठाच्या गिरणीत म्हटलं, आणि एकदा तर सोयरिकीच्या बैठकीत, मुलगी चहा घेऊन आलेली असताना म्हटलं. माझ्या स्वतःच्या प्रवास विम्यावर मात्र मी कागद न उलटता सही केली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या सहीची ही हकीकत आहे.

आमचं लग्न १९८१ सालचं. बायको गोदाकाठच्या गावची. नदी तिनं जन्मापासून बघितलेली, त्यामुळे नदीचं तिला कौतुक नव्हतं. समुद्राचं होतं. लग्न होऊन आठवडा झाला नाही तोच तिनं विचारलं, "तुम्ही समुद्र बघितला का हो?" नवीन नवरा नाही कसा म्हणणार? मी न बघताच हो म्हणालो, आणि एवढ्यावर न थांबता "तुलाही दाखवतो" असंही म्हणालो. दोन महिन्यांनी तिला एसटीत बसवून पैठणला नेलं आणि धरणाचं पाणी दाखवलं. नाथसागर म्हणतात त्याला. नावात सागर आहे, पलीकडचा काठ दिसत नाही, आणखी काय पाहिजे? ती काठावर उभी राहिली आणि "अगं बाई, केवढं मोठं!" म्हणाली. वचन पुरं झालं असं मी धरून चाललो. येताना मी दोनदा ओकलो, कारण मला गाडी लागते. बायको म्हणते मला बैलगाडीसुद्धा लागते. हे साफ खोटं आहे. फक्त उताराला लागते.

पुढची पंचवीस वर्षं मी लोकांचे विमे उतरवले आणि समुद्राचा विषय निघाला नाही. मग एके दिवशी कपाटातून रुमाल काढताना दिसलं, की दाराला आतून पेपरातली एक जाहिरात चिकटवलेली आहे. मुंबईहून निघायचं, गोवा, लक्षद्वीप आणि परत. पांढरंशुभ्र मजल्यामजल्यांचं जहाज. मी दुसरा रुमाल काढायला परत कपाट उघडलं, तेव्हा बायको मागे उभी होती.

जालन्यातल्या एका टूरवाल्याकडे मी दोघांचं बुकिंग केलं. तो माझाच पॉलिसीधारक. "साहेब, याच्यासोबत प्रवास विमा घ्या, घरात काही बरंवाईट झालं आणि रद्द करावं लागलं तर पैसे परत," तो म्हणाला. मला विमा समजावून सांगणारा माणूस पंचवीस वर्षांत पहिल्यांदा भेटला होता. मी मोठ्या मनानं हसलो आणि सही केली.

बायकोची तयारी महिनाभर आधी सुरू झाली. जन्मात साडीशिवाय दुसरं न नेसलेल्या बाईनं जुन्या जालन्यातून एक मोरपंखी पंजाबी ड्रेस आणला, घरात दार लावून तो घालून बघितला आणि घडी करून बॅगेत सगळ्यात वर ठेवला. माझ्यासाठी आवळा सुपारीच्या चार पुड्या घेतल्या. मीही तयारी करत होतो, पण माझी तयारी वेगळी होती. जहाज हलतं का, किती हलतं, हे मी येईल-जाईल त्याला विचारत होतो. जालन्यात हे सांगू शकेल असा माणूस सापडला नाही.

निघायला सहा दिवस राहिले आणि गावाहून फोन आला. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे चुलत चुलते, वारले. त्यांच्या घराशी आमचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. बांधावरच्या एका बाभळीवरून बिनसलं होतं. बाभळ मागेच वाळून गेली, अबोला तेवढा हिरवा राहिला.

आता खरं सांगतो. फोन ठेवला तेव्हा मला दुःख झालं नाही. सुटलो असं वाटलं. पाय जमिनीवर होते आणि आता ते तिथेच राहणार होते. पण चेहरा लांब करून मी बायकोला म्हणालो, "दहा दिवसांचं सुतक आलं. समुद्र आता काही जमत नाही."

ती भाजी निवडत होती. हात थांबले. "तुम्ही मातीला चालले का?"

"नाही. बोलणं कुठं आहे आपलं?"

"मंग मातीला जायचं न्हाई, अन सुतक पाळायचं?"

"सुतकाला बोलणं लागत नाही. एका कुळाचे आहोत. उद्या भाऊकी काय म्हणेल? वर गेला तिकडे चुलता आणि हा बघा जहाजावर नाचतोय! मला त्याच गावात पॉलिस्या विकायच्या आहेत."

संध्याकाळी तिनं बॅग उघडली आणि मोरपंखी ड्रेस काढून कपाटात अगदी तळाशी ठेवला. ते बघून मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं, पण जहाजावर चढावं इतकं नाही.

टूरवाल्यानं नियम सांगितला. इतक्या उशिरा रद्द केलं की निम्मे पैसे गेले. उरलेले निम्मे हातात मिळत नाहीत, वर्षभरात पुन्हा बुकिंग केलं तर त्यात वळते होतात. "बुडालेल्या निम्म्यांची काळजी नको," मी त्यालाच समजावलं, "विमा आहे." मग जहाज सुटलं त्या दिवशी मी चहाच्या टपरीवर बसून दहा जणांना सांगितलं, की चुलत्यासाठी समुद्र सोडला. लोक माना डोलावत होते. मला चढत होतं.

दहा दिवस झाल्यावर मी औरंगाबादला विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर माझी मुलगी शोभेल अशा वयाची एक बाई होती. मी आधी माझं एजंटचं कार्ड पुढे केलं, म्हणजे आपण एकाच धंद्यातले हे तिला कळावं. तिनं अर्ज वाचला.

"सर, मयत तुमचे कोण?"

"चुलत चुलते."

तिनं माझीच पॉलिसी उलटून मागचं पान दाखवलं. जवळचा नातेवाईक म्हणजे नवरा किंवा बायको, आई-वडील, मुलं, सख्खी भावंडं. बस. "सर, सख्खे काकासुद्धा यात बसत नाहीत."

"पण आम्हाला दहा दिवसांचं सुतक असतं!"

"सुतक पॉलिसीत नाही, सर."

मी भाऊकी म्हणजे काय यावर बोलायला लागलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि खरोखरच कुतूहल म्हणून विचारलं, "सर, हे पान तुम्ही तुमच्या लोकांना सही करायच्या आधी दाखवता ना?" माझ्या मागे रांगेत उभा असलेला माणूस खोकला. शेवटी माझी कीव येऊन ती म्हणाली, की मृत्यूचा दाखला जोडून अर्ज द्या, साहेबांसमोर ठेवते.

दाखला मिळणार कुठे? ज्या घरी मी मातीला गेलो नव्हतो तिथे. दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी घनसावंगीच्या जीपमध्ये पुढे बसून, खिडकीबाहेर तोंड काढून गावी गेलो. चुलत्यांचा मुलगा ओट्यावर बसला होता. बारा वर्षांनी मला दारात बघून तो उठूनच उभा राहिला. "दादा, तुम्ही? या, या, बसा!" आत चहाला सांगितलं. त्याचे डोळे भरून आले आणि माझी मान खाली गेली. मी दाखल्याची झेरॉक्स मागायला आलो होतो हे तोंडातून निघेना. चहा संपला, दुसरा चहा आला, तेव्हा कुठे सगळं सांगून टाकलं.

तो ऐकतच राहिला. "म्हंजे आबांच्या सुतकापायी तुम्ही जहाज रद्द केलं?"

मी त्यागी माणसासारखी मान हलवली.

"कामून वो दादा? आवं, आबांचा सख्खा नातू, माझं पोरगं, पाचव्या दिवशी कॉलेजच्या सहलीसंगं गोव्याला गेल्तं. समुद्रात पवून आलं. आबाच सांगून गेल्ते, माझ्यामागं कुणाचं काही अडवू नका. अन तुम्ही सुतक पाळून राह्यले हे तर आम्हाला ठावकीच न्हाई. बोलणंच न्हवतं ना आपलं."

म्हणजे ज्या भाऊकीच्या भीतीनं मी घरात बसलो, तिला मी कुठे आहे याचा पत्ताच नव्हता. मला खूप लाज वाटली. त्यानं मात्र दाखला दिला, वर पिशवीभर तुरीच्या शेंगा दिल्या. मी अर्ज भरलाच, एजंट आहे शेवटी. महिन्याभरानं दोन ओळींचा नकार आला.

बायकोला सगळं सांगावं लागलं. गोव्याला गेलेल्या नातवासकट सांगितलं, आणि फोन आल्यावर सुटलो असं वाटलं होतं हेही सांगितलं. तिनं सोललेल्या शेंगांचे दाणे वाटीत टाकले. मग म्हणाली, "दोन तिकिटांचे निम्मे निम्मे उरले. म्हंजे एक तिकीट होतं की."

"होतं," मी म्हणालो. "तू जा." मला वाटलं, ती म्हणेल, तुमच्याशिवाय कशी जाऊ? पंचवीस वर्षांच्या सवयीवर मी बिनधास्त होतो.

"जाते," ती म्हणाली.

टूरवाल्याकडे तिनं विम्याचा कागद हातात घेतला आणि चष्मा लावून पुढून-मागून सगळा वाचला. तासभर. मी बाकावर बसून होतो. मग तिनं विचारलं, "ह्यात नवरा बसतो ना?" टूरवाला म्हणाला, बसतो. ती माझ्याकडे वळली. "मंग मी निघेपर्यंत नीट ऱ्हा. तुमच्यापायी दुसऱ्यांदा रद्द करायचं न्हाई मला."

मी नीट राहिलो. जालना स्टेशनवर तिला गाडीत बसवलं तेव्हा तिच्या अंगावर मोरपंखी ड्रेस होता. खिडकीतून तिनं हात हलवला, आणि माझी आवळा सुपारी घरीच आहे, खा, असं ओरडून सांगितलं. पुढचे दिवस मी खिचडी खाल्ली आणि टपरीकडे फिरकलो नाही.

परत आली ती काळवंडून, हसत. मी विचारलं, "माझी आठवण आली का?"

"आली ना. लोक उलट्या करायला लागले तवा."

"आणि समुद्र? कसा आहे?"

ती बॅगेतले कपडे काढत होती. ड्रेसच्या घडीतून थोडी वाळू फरशीवर पडली. ती झाडू घ्यायला उठली नाही.

"पैठणला तुम्ही मला धरण दाखवलं ना, तवा मी केवढं मोठं म्हणले," ती म्हणाली. "तुमचं तोंड बघून म्हणले व्हते. एवढं आशेनं बघून राह्यले व्हते तुम्ही. समुद्र बघितला अन मला काहीच बोलता आलं न्हाई."